झूल आणि नाल

पाडव्याला दुचाकी घरी आणणे हा आपल्या मध्यमवर्गीय घरांतला आता कुलाचारच होऊन बसला आहे. ओवाळणी होते, चाकाखाली लिंबू चिरडले जाते, हँडलला झेंडूची माळ चढते. आणि फार तर आठवड्याभरात घरातले चिरंजीव ती नवी कोरी गाडी घेऊन बाजारपेठेतल्या अशा एका गल्लीत शिरतात, की जिथे दुकानापुढे सायलेन्सर पडवळांसारखे टांगलेले असतात. तिथून गाडी परत येते ती रूप पालटूनच. आरसे गेलेले असतात, मागचे मडगार्ड अर्धे कापलेले असते, साडीगार्ड गेलेले असते. आणि त्यांच्या जागी जे आलेले असते ते पाहायला बाहेर यावे लागत नाही. ते तीन आळ्यांपलीकडूनच ऐकू येते.

घरात मग वाद माजतो. वडील म्हणतात, हा सारा नसता खर्च, नुसती नटवेगिरी! चिरंजीव म्हणतात, ह्याने गाडीची ताकद वाढते, पकड वाढते, तुम्हाला त्यातले कळत नाही. ह्या वादात मला दोन्ही पक्ष सारखेच चुकीचे वाटतात. वडिलांना वाटते की शोभा म्हणजे गुन्हा. चिरंजीवांना वाटते की शोभेला उपयोगाचे नाव दिले म्हणजे ती उपयोगी होते.

आपल्या शेतकऱ्याला असला घोटाळा कधी सुचला नाही. पोळ्याला किंवा बेंदराला तो बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावतो, बेगड चिकटवतो, गळ्यात घुंगुरमाळ बांधतो, पाठीवर झूल घालतो. हौस म्हणून घालतो, आणि हौस म्हणूनच सांगतो. दुसऱ्या दिवशी झूल घडी होऊन पेटीत जाते. नाल मात्र पायांत वर्षभर असतात. झिजले की बदलतात. झूल घातल्याने बैल जास्त ओढील असे तो कधी म्हणाला नाही, आणि झुलीला शोभत नाहीत म्हणून नाल उपटायलाही तो कधी गेला नाही. ह्या दोन्ही गोष्टी करायला माणूस शहरात राहून चार बुके शिकलेलाच असावा लागतो.

सायलेन्सरचेच घ्या. आपल्या रस्त्यांवरच्या बहुसंख्य गाड्या शंभर ते सव्वाशे सी.सी.च्या, त्यांच्या इंजिनांची ताकद साधारण ८ ते ११ अश्वशक्ती. ही ताकद एका नळीत साठवलेली नसते. हवा किती आत यावी, पेट्रोल किती मिसळावे, ठिणगी केव्हा पडावी आणि धूर कोणत्या वाटेने बाहेर जावा, ह्या साऱ्यांचे गणित कारखान्यात एकमेकांशी जुळवलेले असते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आल्यावर तर हे गणित अधिकच नाजूक झाले. धुराच्या नळीत विषारी वायूंचे रूपांतर करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असते, प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो, आणि त्याच्या सांगण्यावरून पेट्रोलचे प्रमाण ठरते. आता ह्या साखळीतली शेवटची कडी तेवढी काढायची आणि तिथे पोकळ नळकांडे बसवायचे, ह्याने ताकद वाढेल कशी? शर्यतीच्या गाड्यांना वेगळे सायलेन्सर असतात हे खरे. पण तिथे हवा, इंधन आणि धूर ह्या तिन्हींचे गणित पुन्हा बसवतात, मोजयंत्रावर चढवून तपासतात. नुसती नळी बदलली तर पुष्कळदा कमी वेगावरची ओढ उलट घटते. वाढतो तो आवाज. आणि आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. टांग्याच्या घोड्याच्या गळ्यात घुंगरू बांधले की आतल्या उतारूंनाही असेच वाटत असावे.

बरे, हा आवाज फुकट मिळतो असेही नाही. डेसिबलचे माप मोठे फसवे असते. त्यात दहाची भर पडली म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट झाली. ती दहापट शक्ती कुणाच्या कानावर पडते? चालवणारा तर ती मागे टाकून पुढे निघून जातो. ती राहते रस्त्याकाठच्या पाळण्यातल्या पोरावर, परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीवर, हृदयविकाराच्या म्हाताऱ्यावर. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. नसेलही, पण असलेच तर ते शेजाऱ्याने का भरावे? महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असले सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवले आहेत. ते दृश्य मला फारसे सुखाचे वाटत नाही, पण त्या सायलेन्सरांचा एवढा शांत प्रसंग दुसरा नसेल.

रुंद टायरची गोष्ट निराळी नाही. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, त्याचा घाट बिघडतो, गाडी वळणावर जड होते आणि पेट्रोल जास्त पिते. पकड हवी असेल तर योग्य मापाचाच चांगला टायर घ्यावा आणि त्यात हवा नीट ठेवावी. पण हवा दिसत नाही ना! हेडलाइटमध्ये बसवतात तो पांढराफेक दिवाही असाच. आतला आरसा जुन्या बल्बच्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. दुसराच दिवा तिथे घातला की उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत फेकला जातो. नंबरप्लेटीवरच्या आकड्यांना वाकवून त्यांतून ‘दादा’ काढणाऱ्या कलावंतांबद्दल मी लिहीत नाही. त्यांनी निदान ताकद वाढल्याचा दावा केलेला नाही.

दुसऱ्या बाजूला कायद्याचे बोट धरून चालणारी मंडळी आहेत. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम दाखवून ती सांगतात की कारखान्याने दिलेल्या मूळ रूपात फरक करू नये, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला आहे. निर्णय योग्यच आहे. पण म्हणून कारखान्यातून आले ते सारे ब्रह्मवाक्य, असे मात्र मी मानणार नाही. टाकीच्या दोन्ही अंगांना हवा ओढणाऱ्या नाकपुड्यांसारखे प्लॅस्टिकचे जे कोरीवकाम काही गाड्यांवर असते, त्यांतून पुष्कळदा हवेची झुळूकही आत जात नाही. ही झूल कारखान्यानेच शिवलेली!

आणि काही जोडकामे अशी असतात की त्यांच्यापुढे टोपी काढावी. भल्या पहाटे खेड्यातून शहराकडे येणारा गवळी पाहा. गाडीच्या दोन्ही अंगांना गावच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेले लोखंडी आकडे, त्यांत अडकवलेल्या दुधाच्या किटल्या. त्या गाडीला सुंदर म्हणायचे धाडस तिचा मालकही करणार नाही. पण ते आकडे काढले तर एका घराची चूल विझेल. कोकणात पावसाळ्यात मडगार्डाला रबराचा लांब तुकडा लावतात, तो मागून येणाऱ्याला चिखलातून वाचवतो. आणि पायांनी अधू असलेल्या माणसाच्या स्कूटरला मागे लावलेली दोन जास्तीची चाके? त्या चाकांनी कितीजणांना नोकरीवर जाता आले, मुलांना शाळेत सोडता आले. अपंगांसाठी केलेल्या अशा बदलांना कायद्यानेही वेगळी वाट ठेवली आहे. माझी कसोटी एवढीच आहे: ती वस्तू काढून ठेवली तर कुणाचे काय अडेल?

ह्या कसोटीला जी वस्तू सर्वांत खरी उतरते तिलाच आपण पहिल्याने काढतो, हे मात्र मला सहन होत नाही. साडीगार्ड म्हणजे मागच्या चाकाला लावलेली चार सळयांची जाळी. दिसायला गावंढळ, रंगाला काळी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाने मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी अशी आडकाठी असावी असे म्हटले आहे, आणि कारणही स्पष्ट दिले आहे: मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात गुंतू नयेत. मागे बसणारी म्हणजे आई, बहीण, बायको. एका अंगाने बसलेल्या बाईचा पदर किंवा ओढणी आऱ्यांत गेली की चाक ती क्षणात गुंडाळते, आणि दुसरे टोक गळ्याभोवती असते. जिच्या गळ्याला गाडीने फास लावू नये म्हणून ती जाळी असते, तिच्याच घरात ती ‘गाडीचा लूक घालवते’ म्हणून माळ्यावर जाते. आरशांचेही तेच. पाठीमागचा ट्रक दाखवणारा आरसा काढायचा, कारण त्याने गाडीचे कान मोठे दिसतात!

पण चिरंजीवांवर एवढे तोंडसुख घेतल्यावर वडीलधाऱ्यांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. पाडव्याला दुकानात बसून सीटला मखमली कव्हर, टाकीवर चकाकीचा लेप आणि पुढे क्रोमची नक्षी हे सारे तेच कबूल करतात, आणि हेल्मेट मात्र गाडीबरोबर मिळेल तेवढे एकच घेतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली हेल्मेट नसताना अपघातात मेलेल्या दुचाकीवरच्या माणसांची संख्या ५०,०२९ होती. त्यांतली १४,३३७ माणसे गाडी चालवतच नव्हती. ती मागे बसलेली होती.

तेव्हा यंदा गाडीचे पैसे मोजताना, नक्षीचा विषय निघण्याआधी, आमच्या हिच्या मापाचे आय.एस.आय. शिक्क्याचे हेल्मेट काढा बरे, असे दुकानदाराला सांगून पाहावे. तो आधी तुमच्याकडे पाहील, मग हिच्याकडे, आणि मग पोऱ्याला शिडी घेऊन यायला सांगेल.