धमनीचा नकाशा आधी वाचा

यकृताच्या कर्करोगात मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी सरकवून, पडद्यावर पाहत औषध थेट गाठीपर्यंत पोहोचवता येते. पण प्रत्येकाच्या रक्तवाहिन्या पाठ्यपुस्तकाबरहुकूम नसतात. शरीररचनातज्ज्ञ निकोलस मिशेल्स यांनी १९६६ मध्ये २०० शवविच्छेदनांवरून यकृताच्या धमन्यांचे १० प्रकार मांडले. नेहमीची रचना जेमतेम ५५ टक्क्यांत आढळली. उजवी धमनी कधी आतड्याच्या धमनीतून, तर डावी कधी जठराच्या धमनीतून फुटते. अशी वेगळी धमनी नजरेतून सुटली, तर गाठीचा भाग उपचाराविना राहू शकतो. औषध भलतीकडे गेले, तर जठरात व्रण होऊ शकतात. म्हणूनच उपचारापूर्वी रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी अँजिओग्राफी बारकाईने वाचणे आणि आढळलेले वेगळेपण अहवालात नोंदवणे हा सर्वत्र शिरस्ता व्हायलाच हवा. अहवालातली ती एक ओळ पुढच्या डॉक्टरला वाट दाखवेल.