जीव कुठे ठेवला आहे?

राक्षसाचा प्राण पोपटात असतो, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. सात समुद्रांपलीकडे बेट, बेटावर झाड, झाडाला पिंजरा नि पिंजऱ्यात पोपट! राजपुत्राने त्याची मान मुरगळली की इकडे राक्षस कोसळलाच. मला मात्र दया यायची ती पोपटाची. बिचाऱ्याने पेरू खाण्यापलीकडे कुणाचे काय वाकडे केले होते?

हा पोपट इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांत मला पुन्हा भेटला. फरक एवढाच, की तिथे तो दूर दडून बसत नाही. धन्याच्या पावलावर पाऊल टाकीत चालतो.

जॉर्ज मार्टिन या अमेरिकन लेखकाची 'अ गेम ऑफ थ्रोन्स' (१९९६) घ्या. स्टार्क घराण्याच्या निशाणावर लांडगा. आरंभीच बर्फात एक अवाढव्य लांडगी मरून पडलेली सापडते. गळ्यात सांबराचे तुटके शिंग, नि जवळ पिले. घरात औरस मुले पाच, पिलेही पाच. सहावे पांढरेशुभ्र, जरा बाजूला पडलेले; ते अनौरस जॉनच्या वाट्याला येते. आणि सांबर हे राजघराण्याचे निशाण! पुढे त्याच राजघराण्यापायी या मुलांचा बाप प्राणाला मुकतो. लेखकाने पत्रिका आधीच मांडून ठेवलेली असते.

थोरली मुलगी सान्सा शहाणी, आज्ञाधारक. तिच्या लांडगीचे नाव लेडी. तीही तशीच गरीब. धाकटी आर्या उनाड, तिची निमेरिया तिच्याहून उनाड. निमेरिया राजपुत्राला चावते. आर्या तिला दगड मारून रानात पिटाळते. राजापुढे साक्ष द्यायची वेळ येते तेव्हा राजपुत्रावर भाळलेली सान्सा 'मला आठवत नाही' म्हणते. आणि शिक्षा होते ती निरपराध लेडीला!

त्या पानाशी मी पुस्तक मिटून बसलो, तेव्हा घरातून विचारणा झाली, "कोण गेलं?"

"लेडी."

"कुणाची कोण?"

"लांडगी," मी म्हटले. पुढे कुणी काही बोलले नाही.

पण विचार करा. रानात पळालेली जगली, तशी तिची मालकीणही रानोमाळ भटकत जगली. सांगितल्या जागी बसून राहिलेली मेली. आणि तिची मालकीण दरबारात ओलीस होऊन बसली. 'मुलगी कशी गुणी आहे!' असे कौतुक करणाऱ्या आपणा आईबापांनी हे प्रकरण जरूर वाचावे. गुणीपणा हे काही चिलखत नव्हे.

त्यांच्या थोरल्या भावाचा लांडगा यजमानाच्या माणसांवर गुरगुरतो. पण पाहुण्याने यजमानाचा मान राखायचा, म्हणून तो मेजवानीच्या दालनाबाहेर राहतो. त्या रात्री दगा होतो. आत धनी मरतो, बाहेर लांडगा. जे धन्याला कळायला हवे होते, ते जनावराला कळले होते.

फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाच्या 'नॉर्दर्न लाइट्स'मध्ये (१९९५) तर माणसाचा आत्माच प्राण्याच्या रूपाने सोबत हिंडतो. मुलांचा हा सोबती रूपे पालटतो. वयात आल्यावर एकच रूप कायम राहते. काही विद्वान माणसे मुलांना या सोबत्यांपासून कापून वेगळे करतात. असा एक मुलगा शेवटी सापडतो, तेव्हा त्याने एक सुका मासा छातीशी घट्ट धरलेला असतो. सोबत्याच्या जागी काहीतरी हवे ना! मग तोही जातो.

म्हणून मला वाटते, ही जनावरे नुसती शोभेची नाहीत. आपल्यातले जे निमूटपणे खरे ओळखते, ते या लेखकांनी चार पायांवर उभे केले आहे. शिष्टाचारासाठी, भीतीने किंवा लोभाने त्याला दाराबाहेर ठेवले, की आपले दिवस भरले.

आपल्याकडे एकाने तसे केले नाही. स्वर्गाच्या दाराशी इंद्र रथ घेऊन उभा असताना युधिष्ठिर म्हणाला, कुत्रा आत येणार नसेल तर मीही येणार नाही. आणि तो कुत्रा कोण निघाला? साक्षात धर्म!