जुना नकाशा भिंतीवर, चालू नकाशा कपाटात

सध्या जिकडेतिकडे जुन्या शहरांचे नकाशे फ्रेम करून लावायची फॅशन आलीय. कॅफे, आर्किटेक्टचं ऑफिस, नव्या फ्लॅटचा हॉल. पिवळट कागद, बारीक रेघांचे रस्ते, वळणदार इंग्रजी अक्षरं. जुनी मुंबई तर हमखास असते, जोडीला लंडन नाहीतर पॅरिस. आमच्या तालुक्याच्या गावातही दोन हॉटेलांत लागलेत.

दिसतात छान, यात वाद नाही. हौसही जुनीच आहे. पॅरिसचा तो प्रसिद्ध 'तुर्गो नकाशा' १७३९ सालचा. तुर्गो हा तिथल्या नगरप्रशासनाचा प्रमुख. शहराचा डौल जगाला दिसावा म्हणून त्याने घरं, छपरं, बागांसकट अख्खं पॅरिस २० कागदांवर काढून घेतलं. म्हणजे तो दाखवण्यासाठीच होता.

हौशी मंडळींना जाता जाता एक सांगतो. 'ओरिजिनल अँटिक' म्हणून विकले जाणारे बरेच शहर-नकाशे जुन्या प्रवासी गाइडबुकांतून, ॲटलासातून फाडून काढलेले असतात. नकाशा विकला जातो, पुस्तक लुळं होतं. त्यापेक्षा अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस किंवा डेव्हिड रम्सी संग्रह यांच्या साइटवर उत्तम स्कॅन फुकट मिळतात. गावातल्या फ्लेक्सवाल्याकडून छापून घ्या, काम होतं.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. नकाशा ही शोभेची वस्तू नंतर होते, आधी तो पुरावा असतो.

मुंबईचा जुना नकाशा जरा जवळ जाऊन बघा. धोबी तलाव, गोवालिया टँक, दो टाकी ही आज नुसती नावं उरलीत. जुन्या नकाशात तिथे खरंच पाणी दिसतं. तलाव बुजले, वर मैदानं झाली, चौक झाले. पुण्याचा आंबिल ओढा घ्या. पेशवाईत त्याचा प्रवाह वळवला गेला, पुढे काठावर वस्ती दाटत गेली. सप्टेंबर २०१९ च्या त्या रात्री ओढ्याने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला आणि मिठी ही नाला नसून नदी आहे हे मुंबईकरांना नव्याने कळलं. पाणी आपला जुना पत्ता विसरत नाही. विसरतो आपण, आणि आपल्याला तो विसरायला लावणारेही असतात.

छोट्या गावांत हे जास्तच चालतं. ओढ्याचा नाला होतो, नाल्याची गटार होते, गटारीवर स्लॅब पडतो आणि स्लॅबवर गाळे उभे राहतात. दहा वर्षांनी तिथे ओढा होता म्हणणारा माणूसच खोटा ठरतो. तो खरा ठरवू शकतो फक्त नकाशा.

आणि तो मागायला गेलं की काय होतं? वीस वर्षं नगरपालिकेच्या बातम्या करतोय. ठरलेली उत्तरं पाठ झालीत. 'साहेब मीटिंगला गेलेत', 'चावी दुसऱ्याकडे आहे', 'कागद जीर्ण झालाय, उघडता येत नाही'. वास्तविक १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखडा जाहीर करून हरकती मागवाव्याच लागतात, तो गुप्त कागद नाही. माहिती अधिकाराच्या कलम ४ नुसार अशी माहिती कुणी मागायच्या आधीच खुली करायला हवी. नकाशांवरचे बरेच निर्बंध तर केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्येच सैल केलेत. तरी सामान्य माणसाला आपल्या प्लॉटमधून आराखड्यातला रस्ता जातोय हे कळतं ते हरकतीची मुदत संपल्यावर. दलालाला मात्र आधीच ठाऊक असतं. त्याच्या मोबाइलमध्ये फोटो असतो.

दीडशे वर्षांपूर्वीचा नकाशा आपण बिनधास्त टांगतो, कारण त्याने आता कुणाचंच काही बिघडत नाही. आजचा नकाशा टांगला तर गल्लीतली पोरंसुद्धा विचारतील, 'काका, इथे तर बाग दाखवलीय, मग हे कॉम्प्लेक्स कुणाचं?'

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक नगरपरिषदेच्या दारात, पाण्याच्या टाकीशेजारी, मंजूर विकास आराखडा मोठ्या आकारात, मराठीत, रंगांचा अर्थ सांगून लावा. शेजारी गावाचा उपलब्ध असलेला सगळ्यात जुना सिटी सर्व्हेचा नकाशा लावा, ओढे-तळी निळ्या रंगात ठळक करून. खर्च म्हणाल तर नेत्यांच्या वाढदिवसाच्या दोन फ्लेक्सइतका. नगरसेवक मंडळींनी पुढच्या सभेत हा ठराव मांडावा, बातमी पहिल्या पानावर लावायची जबाबदारी माझी.

वाचणाऱ्यांनीही एक करा. या आठवड्यात आपल्या नगरपालिकेत जाऊन आराखडा दाखवा म्हणा. काय उत्तर मिळालं ते गावाच्या नावासकट खाली कमेंटमध्ये लिहा. बघू तरी, किती गावांचा नकाशा खरंच बघायला मिळतो.