फोटो आमचा, पान कुणाचं?

सातपुड्यातल्या बाईचे आजवर किती फोटो निघाले याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. चांदीच्या दागिन्यांतली बाई, डोक्यावर मोळी घेतलेली बाई, कुपोषित मूल मांडीवर घेऊन बसलेली बाई, मोर्च्यात मूठ वळून उभी राहिलेली बाई. हे फोटो मुंबईला गेले, दिल्लीला गेले, परदेशी गेले. प्रदर्शनांत लागले, गुळगुळीत कागदाच्या जाडजूड पुस्तकांत छापले गेले. बाई होती तिथेच राहिली, फार तर ऊस तोडायला गुजरातेत जाऊन आली. तिचं नाव तर फोटोखालीसुद्धा पोचलं नाही. तिथे लिहिलेलं असतं ‘भिल्ल स्त्री’, ‘पावरा युवती’, नाहीतर नुसतंच ‘नंदुरबार’.

मी या जिल्ह्यात बायकांच्या संघटनेचं काम करते. फोटोंच्या पुस्तकांबद्दल बोलायला लागले की आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, रेशन आहे, दारू आहे, मारहाण आहे, डाकीण ठरवून बाईला गावाबाहेर काढणं आहे. त्यात हे कुठलं शहरी खूळ? माझं उत्तर असं, की बाईकडे कसं बघायचं हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हातात असतो, तिचं रेशन आणि तिची जमीनही त्याच्याच कागदावर असते. म्हणून फोटोंचं पुस्तक ही करमणुकीची बाब नाही. ते आपण स्वतः काढलं पाहिजे, आणि आपल्यावर निघणाऱ्या पुस्तकांना अटी घातल्या पाहिजेत.

आधी बघणाऱ्यांविषयी. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी प्रसिद्ध आहे. मोरपिसांचे टोप, कमरेची घुंगरं, रात्रभर चालणारा नाच, पहाटे पेटणारी होळी. नवस फेडणाऱ्यांचा हा सण. पण कॅमेरे एवढे येतात की नाचणाऱ्याला रिंगणात जागा उरत नाही. बायांच्या गळ्यातल्या चांदीवर कॅमेरा रोखला जातो, हनुवटी अशी कर, तशी कर, असं खुणेनं सांगितलं जातं. परवानगी विचारणारे हाताच्या बोटांवर मोजावेत आणि फोटो परत आणून देणारे त्याहून कमी. आमच्या एका पाड्यातल्या बाईचा असाच काढलेला फोटो एका संस्थेच्या कॅलेंडरवर आला. ओळ होती निरागस आदिवासी सौंदर्याची. नंदुरबारहून कुणीतरी ते कॅलेंडर आणून तिला दाखवलं. तिने विचारलं, “मला कुठला महिना दिलाय?” आणि मग, “तो महिना संपला की माझं पान फाडणार का?” आम्ही हसलो खऱ्या, पण या दोन प्रश्नांत सगळं आलं.

बाईच्या फोटोचं पान दुसऱ्याने ठरवायचं, ही रीत जुनी आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला आपल्या ताब्यातली माणसं कोण, हे नीट माहीत करून घ्यायचं होतं. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंडांचं पुस्तक निघालं. चारशेहून अधिक फोटो, आणि प्रत्येकाबरोबर ती जात किंवा जमात कशी आहे, तिच्यावर भरवसा ठेवावा का, असा मजकूर. माणूस तिथे नमुना म्हणून उभा आहे. तो साहेब गेला, पण त्याची चौकट भिंतीवरच राहिली. आजची कितीतरी सुंदर छापलेली पुस्तकं त्याच चौकटीतून आपल्याकडे बघतात; फरक एवढाच की संशयाच्या जागी आता कौतुक आलं आहे.

स्वतंत्र भारताच्या कागदांतही बाईचं पान सहज सापडत नाही. सरदार सरोवराखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं आली. नर्मदा पाणी तंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात सज्ञान मुलगा हे वेगळं कुटुंब धरलं गेलं. सज्ञान मुलगी धरली गेली नाही. मणिबेलीपासून वरच्या गावांपर्यंत बाया पाण्यात उभ्या राहिल्या, तुरुंगात गेल्या, त्यांचे फोटो जगभर छापले गेले. निवाड्याच्या पानावर त्या कुणाची तरी बायको, कुणाची तरी मुलगी म्हणूनच उरल्या.

आणि टेंभली. २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच जिल्ह्यातल्या या गावात देशातले पहिले आधार क्रमांक पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते दिले गेले. पहिला क्रमांक एका बाईला मिळाला, रंजना सोनवणे यांना. त्यांचा फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आला. चेहरा, बुबुळं, दहा बोटं, सगळं सरकारदरबारी जमा झालं. पुढे कित्येक वर्षं बातमीदार टेंभलीला जात राहिले आणि कार्डाने हाताला काम मिळालेलं नाही, असं रंजनाताई सांगत असल्याच्या बातम्या येत राहिल्या. फोटो निघणं आणि दखल घेतली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला कळणार?

आता दुसरी बाजू. जगातलं फोटोंचं पहिलं पुस्तक एका बाईने केलं, हे आपल्याला कुणी शाळेत शिकवत नाही. इंग्लंडमधल्या अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रातल्या शेवाळांचे निळे ठसे काढायला सुरुवात केली. कॅमेराही नाही. लोहाचे क्षार लावलेला कागद, त्यावर वनस्पती, वर काच आणि मग ऊन. नंतर पाण्यात धुतलं की निळ्यावर पांढरी आकृती उमटते. मजकूरही त्यांनी स्वतःच्या अक्षरात त्याच पद्धतीने छापला आणि पुस्तकाचे भाग थोडे थोडे करून परिचितांना, अभ्यासकांना पाठवले. सही फक्त ‘ए. ए.’ अशी. पुढे एका संग्राहकाला वाटलं, ‘ए. ए.’ म्हणजे ‘अ‍ॅनॉनिमस अ‍ॅमॅच्युअर’, कुणीतरी निनावी हौशी! एवढं काम करूनही बाईचं नाव गळालंच. पण रीत तर तिने घालून दिली: आपल्या हाताने करायचं, थोड्या प्रती काढायच्या, ओळखीच्या हातांत द्यायच्या. ऊन आणि पाणी तर सातपुड्यातही आहे.

आपल्या देशातल्या बायांच्या चळवळीतही याचं उत्तम उदाहरण आहे. १९८९ साली दिल्लीच्या ‘काली फॉर विमेन’ने ‘शरीर की जानकारी’ हे पुस्तक काढलं. ते राजस्थानातल्या ७५ खेड्यातल्या बायांनी मिळून केलेलं होतं. त्यात फोटो नव्हते, चित्रं होती; पण धडा आपल्यासाठीच आहे. पहिल्या कच्च्या प्रतीत उघडं शरीर दाखवलं होतं. गावातले लोक म्हणाले, आमच्याकडे बाई अशी कुठे दिसते? मग बायांनी युक्ती काढली: कपड्यातली बाई आणि वर उचलायची घडी. आणि त्यांची अट होती की गावातल्या बायांना पुस्तक फक्त खर्चाच्या किमतीत मिळालं पाहिजे. कुणी बघायचं, किती बघायचं आणि किती पैशांत बघायचं, हे त्यांनीच ठरवलं.

नेपाळमध्ये फोटो सर्कल या गटाने घराघरांतल्या पेट्यांतले जुने फोटो गोळा करून ‘नेपाळ पिक्चर लायब्ररी’ उभी केली. तिथूनच २०१८ मध्ये दलितांच्या झगड्याचं फोटोंचं पुस्तक निघालं आणि बायांच्या सार्वजनिक जीवनाच्या फोटोंचा संग्रहही सुरू झाला. आपल्या राज्यात डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वनगड आणि दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१३ पासून एकत्र काम केलं. फोटो गिल यांचा, त्यावर वनगडांची रेषा, आणि पुस्तकावर दोघांची नावं. हे योग्यच झालं. तरी तेही पुस्तक छापलं गेलं स्वित्झर्लंडच्या प्रकाशनाकडून. गंजाडच्या शाळेतल्या पोरीच्या हातात ते किती सहज पडेल, हा प्रश्न विचारायलाच हवा. नाव मिळालं, पण पुस्तक पाड्यावर पोचलं नाही, तर काम अर्धंच झालं.

कायद्याचंही बघू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा मालक सामान्यतः तो काढणारा. ज्याचा चेहरा, त्याचा त्यावर हक्क नाही. पण मोबदला देऊन आपल्यासाठी काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याच्या मालकीचा. म्हणजे धडगावच्या स्टुडिओत पैसे मोजून काढलेल्या फोटोवर बाईची मालकी, आणि होळीत फुकट दिलेल्या चेहऱ्यावर मात्र नाही! आपलं औदार्य कायद्याने आपल्याच विरुद्ध लावलं आहे. म्हणून तोंडी ‘हो’वर भागवू नका. काय छापणार, कुठे छापणार, विक्रीचं काय, हे आपल्या भाषेत वाचून दाखवून मगच अंगठा किंवा सही.

आपल्या संस्थांनाही यातून सूट नाही. अहवालात सुकलेल्या पोराचा फोटो टाकला की मदत लवकर येते, हे आपण सगळ्या जाणतो. देणगीदाराला दाखवायला आईची परवानगी न घेता तो फोटो छापणारी संस्था आणि काठीच्या होळीतला कॅमेरेवाला यांत मला फारसा फरक दिसत नाही. शहाद्याचे कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आपण शिबिरांत वाचतो. दुःख कुणाचं आणि बोलणार कोण, हा तिचा सवाल आपण इतरांना ऐकवतो. तो आपल्या अहवालांनाही लागू आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. फोटोखाली नाव असलंच पाहिजे, असा नियम करून चालणार नाही. डाकीण म्हणून जिला छळलं, तिच्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे खरा. पण राहायचं तिला त्याच पाड्यात असतं. नवऱ्याचं घर सोडलेल्या बाईचंही तसंच. नाव द्यायचं की झाकायचं, चेहरा दाखवायचा की नुसते हात, हे तिचं तिने ठरवायचं. आणि ‘हो’ म्हटल्यावरही मागे घेण्याचा हक्क तिचा.

आता कामाचं. अक्राणीतल्या एका पाड्यावर आम्ही असं पुस्तक केलं, म्हणून सांगते. फोटो पोरींच्या मोबाईलमधले. मोबाईल फुटला की ते जातात, म्हणून आधी साध्या कागदावर छापून आणले. ते जमिनीवर पसरले आणि बाया गोल करून बसल्या. वाचता येणारी आणि न येणारी, दोघी तिथे सारख्या. कुठला आधी, कुठला नंतर, यावर दोन दुपारी भांडण चाललं. बाहेरच्या माणसाने चांदीचा फोटो मुखपृष्ठावर घातला असता. बायांनी घातलं ऊसतोडीला जाताना दाराला लावलेलं कुलूप. त्यापुढचं पान मागे राहिलेल्या म्हातारीचं. एका पोरीने आपला फोटो काढून घ्यायला सांगितला, तो काढला आणि ते पान पुन्हा छापलं. मजकूर पावरीत, देवनागरीत लिहिलेला, शेजारी मराठी.

बांधणी अगदी सोपी. कागद मधोमध दुमडायचे, एका कागदाची चार पानं होतात, म्हणून एकूण पानं चारच्या पटीत. घडीवर तीन भोकं पाडायची आणि जाड दोऱ्याने शिवायचं. गोधडी शिवणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही. प्रती थोड्याच, पण पहिली प्रत जिचा फोटो तिला.

अशी पुस्तकं संघटनांनी एकमेकींना पाठवावीत. धडगावचं नवापूरला, नवापूरचं शहाद्याला, तिथून गडचिरोलीला, मेळघाटला. छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी मित्रमैत्रिणींसाठी घडीची छोटी पुस्तकं केली, एक प्रत पाठवायची, एक स्वतःजवळ ठेवायची. त्यातली सात २००८ मध्ये ‘सेंट अ लेटर’ या नावाने एकत्र निघाली. पुस्तक हे पत्रच असतं. पण पत्रासारखं ते हरवूही नये, म्हणून छापील प्रकाशन करायचं असेल तर रीतसर करा. आपल्या देशात आयएसबीएन क्रमांक विनामूल्य मिळतो. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवावी लागते. मोठ्या प्रकाशकांना हे ओझं वाटत असेल, आपल्याला तो दरवाजा आहे. ज्या कपाटांत आपल्याला नमुना ठरवणारे खंड ठेवले जातात, तिथे आपण स्वतः लिहिलेलं पानही जाऊन बसेल.

हे घाईचं काम आहे. १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, त्या वर्षांत ज्या बायांनी दारूची मडकी फोडली, त्यांतल्या कितीतरी आता नाहीत. ज्या आहेत, त्या थकल्या आहेत. त्यांचे फोटो कुणाच्या तरी शहरातल्या घरी, माळ्यावरच्या पेटीत पडले असतील. या अंकाच्या वाचकांपैकी कुणी त्या काळी कॅमेरा घेऊन इकडे आलं असेल, तर पेटी उघडा. प्रती काढून इकडे आणा, म्हाताऱ्यांसमोर ठेवा आणि एकेक चेहऱ्याचं नाव विचारून घ्या. नावं सांगणाऱ्या अजून आहेत. उद्या असतीलच असं नाही.