सोने संपले, वस्ती उरली

कर्नाटकातील कोलार गोल्ड फील्ड्सच्या खाणींना शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज १९०२ साली मिळाली; बंगलोर शहराला तिच्यासाठी १९०५ पर्यंत थांबावे लागले. १८८० पासून तेथे सोने काढणाऱ्या जॉन टेलर या ब्रिटिश कंपनीची निकड एवढी मोठी होती! वीज यंत्रांसाठी होती. जमिनीखाली पुढे तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या या खाणींत उतरणाऱ्या, बहुसंख्य तमिळ दलित कामगारांच्या वाट्याला आल्या त्या कोंदट खोल्या, खडकांचे स्फोट आणि सिलिकोसिस.

पण हे गाव मुके नव्हते. पंडित अयोथी दास यांच्या बौद्ध चळवळीने तेथे नागपूरच्या दीक्षेपूर्वी कित्येक दशके मूळ धरले होते. बोटांचे ठसे घेऊन कामगारांची नोंद करण्याचा घाट घातला गेला तेव्हा, १९३० मध्ये, त्यांनी संप पुकारला.

१९५६ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. मालक बदलला, हिशेबाची वही तीच राहिली. सुमारे ८०० टन सोने दिलेल्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी तोट्याचे कारण देऊन बंद झाल्या. आता गावातील हजारो माणसे पोटासाठी रोज आगगाडीने बंगलोर गाठतात.

२०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खाणमातीच्या तेरा टेकड्यांतून पुन्हा सोने काढण्यास संमती दिली. तीच सायनाइडमिश्रित धूळ वर्षानुवर्षे श्वासात घेणाऱ्या कुटुंबांचा त्या उत्पन्नात वाटा किती, हे सरकारने पहिली टेकडी फोडण्यापूर्वी जाहीर करावे.