आज निघाला असता तर

अलीकडे प्राध्यापकांच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत किंवा चित्रपट महोत्सवाच्या रांगेत एक वाक्य हमखास कानावर पडते : "हा सिनेमा आज निघाला असता ना, लोकांनी जाळपोळ केली असती." बोलणारा बहुधा माझ्याच पिढीचा किंवा तिच्या थोडा पुढचा असतो, आणि त्याच्या स्वरात काळजीपेक्षा समाधान अधिक असते. आम्ही मोकळ्या मनाचे होतो, आम्हाला विनोद कळत होता, ही आताची मुले मात्र कशानेही दुखावतात, असा त्या वाक्याचा अनुच्चारित उत्तरार्ध असतो. प्रश्न वाईट नाही. पण तो विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही, आणि थांबला तर उत्तर त्याला वाटते त्याच्या जवळपास उलटे येते, असे माझे मत झाले आहे.

हे मत वर्गात तयार झाले. विनोदी वाङ्मय शिकवताना मी गेली काही वर्षे वसंत सबनीस हा लेखक सलग घेते. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे १९६५चे लोकनाट्य, १९७१चा ‘सोंगाड्या’ आणि १९८८चा ‘अशी ही बनवाबनवी’ या तीन कृतींमागे एकच लेखणी आहे, हे कळले की विद्यार्थ्यांना प्रथम आश्चर्य वाटते. तमाशाच्या बतावणीतील हजरजबाबीपणा पुण्यातल्या भाड्याच्या घरापर्यंत कसा पोचला, हे मग दाखवता येते. ‘बनवाबनवी’ दाखवायला लागतच नाही म्हणा. चित्रपटानंतर पंधरा-वीस वर्षांनी जन्मलेल्या या मुलांना त्यातले संवाद माझ्यापेक्षा अधिक पाठ आहेत. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी तोंड उघडण्याआधीच वर्ग हसतो.

एका वर्षी पार्वतीच्या डोहाळजेवणाच्या प्रसंगावर वर्ग असाच हसत असताना मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, पुरुषाने नुसती साडी नेसली की आपल्याला हसू का येते?" तिच्या स्वरात तक्रार नव्हती, खरेच कुतूहल होते. त्या दिवशीचा उरलेला तास या एका प्रश्नावर गेला आणि तो माझ्या अलीकडच्या चांगल्या तासांपैकी एक होता. कारण मराठी रंगभूमीला हे हसू नेहमीच येत नव्हते. बालगंधर्व भामिनी किंवा सिंधू होऊन उभे राहत तेव्हा कुणी हसत नसे. घरंदाज स्त्रिया त्यांच्या नेसण्याचे आणि केसांतल्या गजऱ्याचे अनुकरण करीत. पुढे आचार्य अत्रे यांनी ‘चार्लीज आन्ट’ या इंग्रजी प्रहसनावरून ‘मोरूची मावशी’ लिहिले आणि साडीतला पुरुष हशाचा विषय झाला. गंधर्वांच्या वेळी पुरुष स्त्री होण्यात यशस्वी होत होता. मावशीच्या वेळी तो अयशस्वी होतो आणि आपण त्या अपयशाला हसतो. गौळणीतली मावशी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी कंबरेवर हात ठेवून फार पूर्वीपासून उभी आहे.

मग ‘बनवाबनवी’त आपण नेमके कुणाला हसतो? माझे म्हणणे असे की आपण मुख्यतः घरमालकिणीच्या अटीला हसतो. जोडपे असाल तरच जागा मिळेल, ही ती अट. या अटीपायी चार सरळ मुलांना बनेल व्हावे लागते, हा त्या चित्रपटाचा (आणि त्याच्या मूळच्या ‘बीवी और मकान’चाही) खरा विनोद आहे. हे मी सांगितले तेव्हा वर्गात एक मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, आम्हाला साडी नेसून भागत नाही. आडनाव बदलावे लागते." तो बाहेरगावाहून शिकायला आलेला होता आणि खोली शोधण्याचा त्याचा अनुभव ताजा होता. वर्ग थोडा वेळ गप्प झाला. १९८८च्या पटकथेत कुणी आडनावावरून खोली नाकारत नाही, हे त्या क्षणापर्यंत माझ्या कधी लक्षातच आले नव्हते. आज कुणी ‘बनवाबनवी’ नव्याने लिहिला आणि त्यातल्या मित्रांना लिंगाऐवजी जात किंवा धर्म लपवायला लावला, तर तो चित्रपट या मुलांना नक्कीच आवडेल. तो पडद्यावर पोचेल का, याची मात्र मला खात्री नाही.

वर्गात जे झाले त्याला माझ्या वयाचे लोक ‘आजच्या पिढीचा हळवेपणा’ म्हणतात. मी त्याला वाचन म्हणते. त्या मुलीच्या प्रश्नाने चित्रपटाचे काय बिघडले? तिने तो बंद करा म्हटले नाही, हसायचेही थांबवले नाही. ‘पडोसन’मधला मेहमूद यांचा दाक्षिणात्य संगीतशिक्षक पाहताना तमिळ प्रेक्षकाला काय वाटत असेल, किंवा ‘आंधळा मारतो डोळा’ हे नाव एखादा अंध प्रेक्षक कसे ऐकत असेल, असे प्रश्न आज विचारले जातात. ते तेव्हाही विचारायला हवे होते. ज्याच्यावर विनोद बेतलेला आहे तो माणूस आता प्रेक्षागृहात बसलेला आहे आणि त्याला बोलता येते, एवढाच हा बदल आहे. त्याच्या बोलण्याने काही विनोद शिळे ठरतील. ठरू देत. गडकऱ्यांचा विनोदही सगळाच आज चालत नाही. म्हणून गडकऱ्यांना आपण अभ्यासक्रमातून काढलेले नाही.

पण प्रक्षोभाची दुसरी जात आहे आणि तिची या पहिल्या जातीशी गल्लत करण्यात मोठी सोय आहे.

१९८३चा ‘जाने भी दो यारो’ घ्या. कुंदन शाह यांचा, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या तुटपुंज्या पैशांत झालेला हा चित्रपट मुंबईच्या बिल्डर, अधिकारी आणि संपादक यांच्या संगनमतावर आहे. त्याच्या शेवटी दोन भाबडे छायाचित्रकार आयुक्त डिमेलोचे प्रेत घेऊन पळता पळता रंगमंचावर घुसतात. तिथे द्रौपदीवस्त्रहरणाचा प्रयोग चालू आहे. प्रेताला साडी नेसवली जाते, प्रेत द्रौपदी होते, भ्रष्टाचाराचा हा एकमेव पुरावा बळकावण्यासाठी सगळ्या टोळ्या पौराणिक पोशाखात एकमेकांवर तुटून पडतात आणि मधूनच अकबर व सलीमही येऊन जातात. आंधळा राजा तेवढा काय चालले आहे ते पुन्हापुन्हा विचारत राहतो. राजाला दिसत नाही आणि प्रजेला सांगवत नाही, हे त्या गोंधळातून जेवढे कळते तेवढे एखाद्या गंभीर निबंधातून कळणार नाही. पुढे दूरदर्शनने हा चित्रपट घराघरात नेला. प्रेताची भूमिका करणारे सतीश शाह २०२५ साली गेले, तेव्हा अनेकांनी सर्वांत आधी हाच प्रसंग आठवला.

इथेही साडी नेसलेला पुरुषच आहे. ‘बनवाबनवी’तल्या साडीला आज फार तर एक प्रश्न विचारला जाईल. या साडीवर गुन्हा दाखल होईल. हा माझा तर्क आहे असे कुणी म्हणू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात, विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात, विद्यार्थ्यांचा एक प्रयोग चालू होता. रामलीला करणाऱ्या नटांची पडद्यामागची थट्टामस्करी हा त्याचा विषय. प्रयोग बंद पाडण्यात आला, मारहाणीच्या तक्रारी झाल्या आणि धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपावरून विभागप्रमुखांसह विद्यार्थ्यांना अटक झाली. पौराणिक सोंगे घेतलेली सामान्य माणसे रंगमंचावर जशी वागतात तशी दाखवणे, एवढा तो अपराध. ‘जाने भी दो यारो’तल्या प्रवेशापेक्षा तो कितीतरी सौम्य असावा.

म्हणजे पूर्वी सगळे आलबेल होते काय? मुळीच नाही. १९३८च्या ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी यांच्या पोहण्याच्या पोशाखावरून केवढा गहजब झाला. ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाने जागा नाकारली, तेव्हा शिवसेनेने रस्त्यावर उतरून ती मिळवून दिली. दादा कोंडके यांना पांढरपेशा समीक्षकांनी वर्षानुवर्षे नाक मुरडले आणि सेन्सॉरने कात्री लावली. ‘घाशीराम कोतवाल’चे प्रयोग १९७२ साली सुरू झाले आणि मोजक्याच प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबवले. ‘सखाराम बाइंडर’ला उच्च न्यायालयात जावे लागले. तेव्हा ‘आम्ही सहिष्णू होतो’ ही आठवण बरीचशी सोयीस्कर आहे. गंमत अशी की ‘ब्रह्मचारी’तला पोहण्याचा पोशाख आज कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण अत्रे आणि मास्टर विनायक यांनी ब्रह्मचर्याच्या व्रताची, त्याभोवतीच्या कवायतीची आणि राष्ट्रोद्धाराच्या आवेशाची जी टर उडवली आहे, तिच्यासाठी आज त्यांना वकील शोधावा लागेल.

फरक आहे तो यंत्रणेचा. कोंडके सेन्सॉरशी भांडत, पुन्हा जात, शब्दांच्या कसरती करून पळवाट काढीत. त्या भांडणाच्याही गोष्टी झाल्या. प्रमाणन मंडळाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी पुढे एक अपील न्यायाधिकरण होते. २०२१ साली ते रद्द झाले आणि आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. विनोदी चित्रपटाच्या लहान निर्मात्याला एवढा वेळ आणि पैसा परवडत नाही. तो लिहितानाच ते पान गाळतो. त्यात कलम २९५ अ (आता न्याय संहितेतील २९९) कुठल्याही गावातल्या ठाण्यात वापरता येते. आणि मार्च २०२५ मध्ये मुंबईत एका विनोदवीराने उपमुख्यमंत्र्यांवर केलेल्या विडंबनानंतर कार्यक्रमाच्या जागेची जी मोडतोड झाली, ती तर कलमांचीही वाट न पाहता झाली. ज्या संघटनेच्या नावाने १९७१ साली एका विनोदी चित्रपटासाठी थिएटरचे दार उघडून घेतले, तिच्यातूनच निघालेल्या एका पक्षाचे ते कार्यकर्ते होते. असो.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर चित्र विचित्र दिसते. जुन्या विनोदी चित्रपटांतले जे टीकेस पात्र आहे, म्हणजे रंगावरून, व्यंगावरून, बाईपणावरून केलेले विनोद, ते आजही बिनधास्त चालतात. दूरचित्रवाणीवरचे विनोदी कार्यक्रम बघावेत. आणि त्यांत जे धारदार होते, राजा, देव आणि दानशूर बिल्डर यांच्यावर उलटणारे होते, तेच आज अडते. तरी बोल मात्र वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलीला लागतो. तिच्या हातात ना दगड ना तक्रार अर्ज. तिला ‘असहिष्णू’ म्हणणे निर्धोक आहे, एवढेच. दगड हातात असणाऱ्याला तसे म्हणायला आपण कचरतो.

हे मी स्वतःला वगळून लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी आमच्या विद्यार्थ्यांनी एक छोटा वग बसवला होता. पारंपरिक घाट, गण, गौळण, बतावणी. गौळणीत पेंद्या देवाला थेट विचारतो की लोणी सगळे तूच खाल्लेस, मग चोरीचा आळ माझ्यावर का. शेकडो वर्षे तमाशाच्या बोर्डावर आणि कीर्तनाच्या पाटावर याहून कितीतरी तिखट बोलले गेले आहे, हे मीच त्यांना शिकवले होते. कुणीही धमकी दिली नव्हती. प्राचार्यांनी विचारले नव्हते. तालमीला बसले असताना मीच म्हणाले, "एवढे पान काढू या. उगाच कशाला?" मुलांनी निमूटपणे काढले. प्रयोग छान झाला, टाळ्याही पडल्या.

तो वग लिहिणारा मुलगा नंतर ते पान मला देऊन गेला. "कोण दुखावले असते, मॅडम?" एवढेच त्याने विचारले. मला नाव सांगता आले नाही. यंदा नव्या मुलांनी तोच वग पुन्हा मागितला आहे. संहिता माझ्याच कपाटात आहे आणि ते पान तिच्यात टाचणीने लावलेले आहे. तालमी पुढच्या आठवड्यात सुरू होतील.