फक्त फोटोच तर काढतो!

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात वसंत आला, की निवडुंगांना फुले येतात आणि फुलांच्या मागोमाग कॅमेरे येतात. आपल्यातल्या कित्येक घरांची मुले आता तिकडे आहेत. त्यामुळे ती जांभळी, पिवळी, पांढरी फुले फोनवरून थेट आपल्या माजघरात पोहोचतात. आपण ती शेजारीपाजारी कौतुकाने दाखवतो. दाखवू नयेत असे मी म्हणत नाही. पण त्या चित्रांबरोबर एक वाक्य हटकून येते, आणि माझे भांडण त्या वाक्याशी आहे : “आम्ही काही तोडत नाही हो, फक्त फोटोच तर काढतो!”

मी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक झालेला मास्तर आहे आणि कादंबऱ्या लिहितो. पण हे वाक्य दिसते तितके निष्पाप नाही, एवढे कळायला पदवी लागत नाही.

तिकडचा सवारो नावाचा थोरला निवडुंग घ्या. १९३१ पासून त्याचे फूल ॲरिझोनाचे राज्यपुष्प आहे. टूसॉन शहराच्या दोन्ही अंगांना त्याचे राखीव रान आहे. १९९४ पासून ते राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाते. हा निवडुंग ४० फुटांवर जातो, १५० वर्षे जगतो. पण पहिल्या ८ वर्षांत त्याची वाढ होते जेमतेम दीड इंच! पहिले फूल धरायला त्याला सुमारे ३५ वर्षे लागतात. एखादा मुलगा पहिलीत आला त्या वर्षी रुजलेला सवारो फुलू लागेल, तेव्हा त्या मुलाचीच मुले शाळेत जात असतील.

असले रोप उघड्यावर तगत नाही. मेस्कीट म्हणून आपल्या वेड्या बाभळीचे एक भावंड तिकडे वाढते. तसल्या झाडाच्या सावलीत ते ऊन आणि थंडी चुकवीत लपून राहते. आणि आमचे हौशी छायाचित्रकार कुठे गुडघे टेकतात? नेमके त्याच सावलीत! वर फुलाकडे डोळा, खाली बुटाखाली आठ वर्षे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने असाच एक सुरेख फोटो पाठविला. पुढे फूल आणि मागे, खूप दूर, पायवाट. मी विचारले, “वाट तिकडे, मग तू कुठे उभा होतास रे?” उत्तर अजून यायचे आहे.

“एका पावलाने काय होते?” असे म्हणणारे भेटतात. एका पावलाने झाले नाही, तरी तो फोटो पाहून दुसरा त्याच फुलाशी, त्याच कोनात उभा राहायला येतो. मग तिसरा येतो. पावलाची वाट होते आणि वाटेवर काही रुजत नाही.

“पण चित्रांमुळेच लोकांना झाडांची ओढ लागते!” हेही मान्य. मात्र ओढ लावणाऱ्याने आधी स्वतः झाड पाहावे. सवारोचे फूल सूर्य मावळल्यावर उमलते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिटते. रात्री मेक्सिकोहून आलेली वटवाघळे त्यातला मध पितात. सकाळी मधमाश्या आणि पारवे येतात. आमची मंडळी न्याहारी करून पोहोचतात, तोवर अर्धे नाटक संपलेले असते. तरी सांगणार, “आम्ही सवारो पाहिला.”

त्याच मुलखात तोहोनो ओओधाम लोक पिढ्यानुपिढ्या राहतात. सवारो त्यांना माणसांसारखाच वाटतो. उन्हाळ्यात ते त्याची फळे काढतात, तीही मेलेल्या सवारोच्या वाळक्या बरगड्यांच्या लांब काठीने. त्या फळांचा पाक करतात, मद्य करतात आणि पावसाला बोलावतात. हे लोक झाडाकडून घेतात आणि तरी झाड सुखरूप राहते. आमचे लोक काहीच घेत नाहीत आणि रोप तुडवून परततात! मग निसर्गप्रेमी कोणाला म्हणायचे?

वाचकहो, यंदाच्या वसंतात तुमच्या लेकाचा असा फोटो आला, तर “छान!” म्हणण्याआधी दोनच प्रश्न विचारा : या झाडाचे नाव काय, आणि फोटो काढताना तू वाटेवर होतास का? पहिल्याचे उत्तर त्याला शोधता येईल. दुसऱ्यासाठी मात्र त्याला पुढच्या खेपेला जरा मागे सरकून उभे राहावे लागेल.